जेत्यांचें राज्य व जितांचें घर

परचक्राचा इतिहास सामान्यतः रणांगणावर आरंभ पावतो व राज्याभिषेकाशीं संपतो. अमुक सालीं अमुक ठिकाणीं लढाई झाली, अमका पडला, तमका सिंहासनावर बसला, एवढें पाठ केलें कीं विद्यार्थ्यास पुरे गुण मिळतात. परंतु राज्य गेल्यानंतर शेतकऱ्याच्या शेताचें काय झालें, मुलांचीं नांवें कशीं पालटलीं, उपवर मुलींचें रक्षण कसें झालें आणि चुलीजवळ कोणती भाषा टिकली, हे प्रश्न उंबरठ्याच्या आंतले असल्यामुळें इतिहासाच्या पुस्तकांत त्यांस कोपऱ्यांतच जागा मिळते. वस्तुतः एखाद्या देशाचें रूप किती पालटलें, हें तेथेंच पाहावें लागतें. इ.स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, त्या घटनेकडे या दृष्टीनें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ही गोष्ट साडेनऊशें वर्षांहून जुनी व दूरदेशची खरी. तरी तिचे कांहीं धागे आपल्या कोर्टकचेऱ्यांपर्यंत व आपल्या मुलांच्या तोंडापर्यंत येऊन पोहोंचले आहेत, हें पुढें दिसून येईल.

प्रथम हे नॉर्मन कोण, तें पाहूं. ‘नॉर्मन’ म्हणजे उत्तरेकडचा मनुष्य. स्कॅन्डिनेव्हियांतून नावांत बसून येणाऱ्या व फ्रान्सच्या किनाऱ्यावर लूटमार करणाऱ्या टोळ्यांपैकीं एका टोळीच्या रोलो नामक नायकास फ्रान्सच्या चार्ल्स राजानें इ.स. ९११ मध्यें सेन नदीच्या मुखाकडील प्रदेश देऊन शांत केलें. तोच पुढें नॉर्मंडी झाला. दीडशें वर्षांच्या आंत हे लोक ख्रिस्ती झाले, त्यांनीं तेथील स्त्रियांशीं विवाह केले, आणि आपली मूळ भाषा टाकून ते फ्रेंच बोलूं लागले. म्हणजे ज्यांनीं पुढें इंग्लंडांत फ्रेंच भाषा नेली, ते स्वतः फ्रेंच भूमीचे जेते असून फ्रेंच भाषेकडून जिंकले गेलेले होते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण हाच प्रकार इंग्लंडांत पुनः घडावयाचा होता.

इंग्लंडचा राजा एडवर्ड हा ५ जानेवारी १०६६ रोजीं निपुत्रिक वारला व दुसऱ्याच दिवशीं हॅरल्ड नांवाच्या बलाढ्य सरदारास राज्याभिषेक झाला. एडवर्डानें राज्य आपणांस देऊं केलें होतें, असा नॉर्मंडीचा अधिपति विल्यम याचा दावा होता. नॉर्वेच्या राजाचाही त्या सिंहासनावर डोळा होता. सप्टेंबरांत नॉर्वेचा राजा उत्तरेस उतरला. हॅरल्डनें तिकडे धांव घेऊन २५ सप्टेंबर रोजीं स्टॅम्फर्ड ब्रिज येथें त्याचा पाडाव केला. तोंच तीन दिवसांनीं विल्यम दक्षिणेस पेव्हन्सी येथें उतरला. थकलेलें सैन्य घेऊन हॅरल्ड पुनः दक्षिणेकडे वळला, आणि १४ ऑक्टोबर रोजीं हेस्टिंग्जच्या लढाईंत तो व त्याचे दोघे भाऊ पडले. दोन लढायांमध्यें अवघे एकोणीस दिवस गेले होते.

त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं वेस्टमिन्स्टर येथें विल्यमास राज्याभिषेक झाला. त्या प्रसंगीं जमलेल्या लोकांस, ‘हा राजा तुम्हांस मान्य आहे काय?’ असें इंग्लिश व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत विचारण्यांत आलें. लोकांनीं मोठ्यानें रुकार दिला. बाहेर पहारा करणाऱ्या नॉर्मन शिपायांस ती भाषा कळेना. आंत बंड झालें असें समजून त्यांनीं आसपासच्या घरांस आगी लावल्या. मंगलकार्य चालू असतां बाहेर घरें जळत होतीं. राजा व प्रजा यांस परस्परांचे शब्द कळत नसले म्हणजे आनंदाचा घोषही बंडासारखा ऐकूं येतो, याचें याहून बोलकें उदाहरण इतिहासांत क्वचितच सांपडेल.

राज्य एका दिवसांत मिळालें, पण देश वश होण्यास पांच वर्षें लागलीं. उत्तर भागांत बंडें उठलीं तेव्हां १०६९-७० च्या हिंवाळ्यांत विल्यमानें यॉर्कच्या आसपासचा मुलूख पद्धतशीरपणें उजाड केला. धान्याच्या कोठ्या, गुरेंढोरें, नांगर, सर्व जाळण्यांत आलें. तलवारीनें मेले त्यांहून पुष्कळ अधिक लोक पुढच्या दुष्काळांत अन्नावांचून मेले. हा आंकडा एका मध्ययुगीन ग्रंथकारानें एक लक्ष दिला आहे. त्यांत अतिशयोक्ति असली, तरी पंधरासोळा वर्षांनंतरच्या सरकारी मोजणींतही त्या भागांतील गांवामागून गांवांपुढें ‘ओसाड’ असा शेरा आहे, तो अतिशयोक्तीचा म्हणतां येत नाहीं.

ती मोजणी म्हणजेच प्रसिद्ध ‘डूम्सडे बुक’. १०८५ च्या नाताळांत विल्यमानें तिचा हुकूम केला, व पुढील वर्षीं तेरा हजारांहून अधिक गांवांची नोंद तयार झाली. गांव कोणाचें, पूर्वीं कोणाचें होतें, नांगर किती, कुळें किती, गिरण्या किती, वसूल काय, हें सर्व शपथेवर विचारून लिहून घेतलें. एकही बैल, गाय वा डुक्कर या चोपडीतून सुटलें नाहीं, अशी एका इंग्लिश बखरकारानें खेदानें तक्रार केली आहे. तिच्या निर्णयावर अपील नाहीं, म्हणून लोक तीस अखेरच्या न्यायाच्या दिवसाचें नांव देऊं लागले. तें दफ्तर लंडनमधील क्यू येथें आजही जतन केलेलें आहे. त्यांतील पानें चाळलीं म्हणजे एक मोठी गोष्ट उघड होते. सुमारें ४,००० इंग्लिश जमीनदारांच्या जमिनी २०० हून कमी नव्या सरदारांच्या हातीं गेल्या होत्या, आणि राजाकडून थेट मोठी जमीन धारण करणारे इंग्लिश लोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. सर्व भूमि राजाची. सरदारांनीं ती लढाईच्या चाकरीच्या करारानें धारण करावयाची व आपल्या शिलेदारांस वांटून द्यावयाची, ही व्यवस्था नॉर्मन लोकांनीं सर्व देशभर बसविली. मातीचे उंच टेंकाड रचून त्यावर लांकडी गढी उभारावयाची व तेथून आसपासच्या गांवांवर नजर ठेवावयाची, ही त्यांची रीत होती. अशा शेंकडों गढ्या उठल्या. लंडनचा सुप्रसिद्ध पांढरा बुरूज हा त्यांचाच दगडी वंशज.

धर्मपीठेंही सुटलीं नाहींत. १०७० मध्यें इंग्लिश मुख्य धर्माध्यक्ष स्टिगंड यास काढून त्या जागीं लान्फ्रान्क नामक परकी पंडितास बसविण्यांत आलें; आणि १०८७ त विल्यम वारला, तेव्हां वुस्टरचा वुल्फस्टन हा एकच इंग्लिश बिशप अधिकारावर उरला होता.

न्यायाची तऱ्हा तर अशी कीं, एखाद्या गांवच्या हद्दींत प्रेत सांपडलें व मारेकरी हजर करतां आला नाहीं, तर मृत मनुष्य नॉर्मनच होता असें गृहीत धरून साऱ्या परगण्यावर जबर दंड बसे. मृत इंग्लिश होता हें नातलगांनीं सिद्ध केलें म्हणजे दंड माफ. मूठभर परक्यांस अफाट प्रजेमध्यें जीव मुठींत धरून राहावें लागत होतें, हें या कायद्यावरून दिसतें. आणि इंग्लिश माणसाच्या प्रेताची किंमत शून्य होती, हेंही दिसतें.

आतां आपण गढीच्या बाहेरून घराच्या आंत येऊं. नव्याने आलेले नॉर्मन कांहीं हजारच होते, व देशाची लोकसंख्या पंधरा ते वीस लक्ष असावी असा अंदाज आहे. आलेल्यांत पुरुषच फार. अर्थात् त्यांच्या घरांत इंग्लिश बायका, इंग्लिश दाया व इंग्लिश नोकर आले. हें सर्वत्र सुखानें झालें असें मात्र कोणीं समजूं नये. नॉर्मन शिपायांच्या भीतीनें कित्येक कुलीन मुलींनीं मठांत आश्रय घेऊन जोगिणीचा बुरखा घेतला. भीतीनें मठांत आलेल्या स्त्रियांस पुनः प्रपंचांत जाण्याची मोकळीक लान्फ्रान्कला द्यावी लागली, यावरूनच त्यांची संख्या उपेक्षणीय नव्हती, हें स्पष्ट होतें. जुन्या इंग्लिश राजवंशाची मुलगी ईडिथ मठांत वाढत असतां तिची मावशी ख्रिस्तिना हिनें तिचें शील सुरक्षित राहावें म्हणून तिच्या मस्तकावर बुरखा घातला होता. इ.स. ११०० मध्यें विल्यमाचा पुत्र पहिला हेन्री राजा झाला व त्यानें ईडिथेस मागणी घातली, तेव्हां ती जोगीण आहे कीं नाहीं हा वाद धर्मसभेपुढें गेला. तिनें मावशीची हकीकत सांगितली व सभेनें विवाहास अनुमति दिली. राणी होतांच मात्र तिचें इंग्लिश नांव गेलें व ती मटिल्डा झाली. आणि इंग्लिश राणी केली म्हणून नॉर्मन दरबारी लोक या राजाराणीस पाठीमागें गॉड्रिक व गॉडगिफू अशीं गांवढळ इंग्लिश नांवें ठेवून हंसत.

नांवांची ही कथा दरबारापुरती नव्हती. व्हिट्बी गांवच्या एका मुलाचें नांव आईबापांनीं टॉस्टिग ठेविलें होतें. सवंगडी त्या नांवाची थट्टा करीत, म्हणून तें बदलून विल्यम करण्यांत आलें. ज्या विल्यमानें उत्तर भाग जाळला, त्याचें नांव त्याच उत्तर भागांतील इंग्लिश मुलास दोनतीन पिढ्यांत प्रतिष्ठेचें वाटूं लागलें. शंभर-दीडशें वर्षांत लिओफ्रिक, गॉडविन, एथेलरेड हीं नांवें मागें पडलीं व विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री हीं घरोघर झालीं. यासाठीं कोणताही हुकूम काढावा लागला नाहीं.

या मिश्र घरांतील सर्वांत हृदयस्पर्शी साक्ष ऑर्डेरिक या ग्रंथकाराची आहे. त्याचा जन्म १०७५ त इंग्लंडांत झाला. बाप फ्रान्सचा, आई इंग्लिश. दहाव्या वर्षीं बापानें त्यास नॉर्मंडींतील एका मठांत कायमचें धाडलें. तेथें एक अक्षर कळेना. परमुलखांत सांपडलेल्या बायबलांतील योसेफासारखी आपली दशा झाली, असें त्यानें म्हातारपणीं लिहून ठेविलें आहे. त्याचें इंग्लिश नांव नॉर्मन कानांस कठोर वाटलें म्हणून तें बदलून व्हिटालिस ठेवण्यांत आलें. साऱ्या हयातभर तो नॉर्मंडींत राहिला, परंतु स्वतःस इंग्लंडांत जन्मलेला असेंच म्हणवीत राहिला. वर सांगितलेला एक लक्ष मृतांचा आंकडा त्याचाच आहे. विल्यमाच्या इतर गुणांची स्तुति करणारा हा मठवासी उत्तरेच्या संहाराविषयीं मात्र, यास क्षमा नाहीं, असें स्पष्ट लिहितो. बापाच्या बाजूच्या लोकांचा इतिहास लिहितांना त्यानें आईच्या बाजूच्या लोकांचें दुःख वगळलें नाहीं.

अशा घरांतून वाढलेल्या पिढ्यांचा परिणाम काय झाला, तें राजाच्या एका खजिनदारानें बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लिहून ठेविलें आहे. परस्पर विवाहांमुळें स्वतंत्र लोकांमध्यें नॉर्मन कोण व इंग्लिश कोण हें आतां ओळखतां येत नाहीं, असें तो म्हणतो. प्रेताचा तो दंड १३४० मध्यें रद्द झाला, तेव्हां तो भेद केव्हांच निरर्थक झाला होता.

भाषेची वाटचाल याहून मंद होती. लिहिण्याची इंग्लिश भाषा दरबारांतून व मठांतून हळूहळू हद्दपार झाली. जुन्या इंग्लिश बखरींपैकीं पीटरबरो येथील बखर अखेरपर्यंत चालू होती. तीही ११५४ त थांबली. राज्यकारभार लॅटिनमध्यें, दरबार व पुढें न्यायसभा फ्रेंचमध्यें, आणि शेत, गोठा व पाळणा इंग्लिशमध्यें, अशी वांटणी झाली. १२०४ मध्यें नॉर्मंडी प्रांत राजाच्या हातून गेला व सरदारांस दोन घरांपैकीं एक निवडणें भाग पडलें. इंग्लंडांत राहिले ते हळूहळू इंग्लिश झाले. १३६२ मध्यें कायदा झाला कीं फ्रेंच भाषा लोकांस समजत नसल्यामुळें न्यायसभांत वादविवाद इंग्लिशमध्यें व्हावे. गंमत अशी कीं, तो कायदा लिहिला होता फ्रेंच भाषेंतच! तीनशें वर्षांनीं जितांच्या भाषेनें जेत्यांस आपल्यांत ओढून घेतलें.

परंतु परत आलेली भाषा ती पूर्वींची नव्हती. संस्कृत व मराठीप्रमाणें जुन्या इंग्लिशमध्यें तीन लिंगें व नामांच्या विभक्ति होत्या. त्यांची झीज उत्तरेंत डेन लोकांच्या सहवासानें आधींच सुरू झाली होती. शिष्ट लेखनाचा धाक गेल्यावर तीस आळा राहिला नाहीं. सुमारें दहा हजार फ्रेंच शब्द भाषेंत शिरले. रानांत चरणारी मेंढी इंग्लिश ‘शीप’ राहिली व ताटांतली फ्रेंच ‘मटन’ झाली, अशा प्रकारचीं उदाहरणें वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीमुळें प्रसिद्ध आहेत. हा भेद पक्का होण्यास पुढें कित्येक शतकें लागलीं, असें आतांचे विद्वान् म्हणतात; पण दिशा तीच.

आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांतील वाचकांस याहून जवळचें एक उदाहरण देतों. ‘फादर, मदर, ब्रदर, सिस्टर, सन, डॉटर’ हे शब्द अस्सल इंग्लिश असून आपल्या पितृ, मातृ, भ्रातृ, स्वसृ, सूनु, दुहितृ यांचे सख्खे भाऊबंद आहेत. चुलीजवळच्या या शब्दांस नॉर्मन लोकांचा हात लागला नाहीं. परंतु चुलीपासून एक पाऊल दूर गेलें कीं ‘अंकल, आंट, नेफ्यू, नीस, कझिन’ हे सर्व फ्रेंच! जुन्या इंग्लिशमध्यें काकास ‘फॅडेरा’, मामास ‘एआम’, आत्यास ‘फथू’ व मावशीस ‘मोड्रिये’ असे चार स्वतंत्र शब्द होते. ‘मोड्रिये’ मध्यें ‘माता’ ऐकूं येते, जशी ती आपल्या ‘मावशी’ मध्येंही आहे. फ्रेंच भाषेंत हे भेद अगोदरच मावळले होते. तिचे दोन शब्द आले आणि चार नातीं दोहोंत कोंबलीं गेलीं. विशेष हें कीं, ‘अंकल’ ज्या लॅटिन शब्दापासून निघाला त्याचा अर्थ मामा, व ‘आंट’ चा मूळ अर्थ आत्या. शेजारच्या जोडप्यास आपलीं मुलें अंकल-आंटी म्हणतात, तेव्हां व्युत्पत्तीप्रमाणें त्यांस मामा व आत्या म्हटल्यासारखें होतें. आणि मामा-आत्या हें जोडपें तर साटेंलोटें झालेल्या घरांतच संभवतें! आजोबांचा ‘ग्रँडफादर’ हा शब्द अर्धा फ्रेंच व अर्धा इंग्लिश आहे. त्या काळच्या मिश्र विवाहांची खूण त्यांत राहून गेली आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

कायद्याच्या कागदांत तर दोन्ही भाषा जोडीनें नांदूं लागल्या. मृत्युपत्रास ‘विल अँड टेस्टमेंट’ म्हणतात. पहिला शब्द इंग्लिश, दुसरा लॅटिन वळणाचा. आपल्याकडे फारशी अंमलांत असेंच घडलें. ‘धनदौलत’, ‘कागदपत्र’, ‘बाजारहाट’ या जोडशब्दांत एक अंग आपलें व एक मुसलमानी अमदानींतलें आहे. फरक इतकाच कीं, आपल्याकडे शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राजव्यवहारकोश तयार होऊन फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्याचा बुद्धिपुरःसर यत्न झाला. इंग्लंडांत तसा यत्न करणारें राज्यच उरलें नव्हतें. पुढें इंग्रजांबरोबर ‘कोर्ट, जज्ज, वॉरंट, अपील, बेलिफ, जेल’ हे शब्द आपल्या तालुक्याच्या गांवापर्यंत आले, ते मूळचे इंग्लिश नसून नॉर्मन विजयाच्या वाटेनें आलेले फ्रेंच आहेत. इंग्लंडच्या पार्लमेंटांत विधेयकास राजसंमति मिळाल्याचें आजही नॉर्मन फ्रेंच शब्दांतच पुकारतात. कोणे एके काळीं इंग्लिश शेतकऱ्यास ज्या परक्या शब्दांनीं धाक घातला, तेच आपल्या शेतकऱ्याच्या दारीं इंग्रजी म्हणून आले.

मग या विजयानें त्या देशाचें बरें झालें कीं वाईट? एका शब्दांत उत्तर देणें न्यायाचें होणार नाहीं. डूम्सडे बुकांत नोंदलेल्या लोकांपैकीं सुमारें दहांत एक मनुष्य गुलाम होता; पुढील पन्नाससाठ वर्षांत ही गुलामगिरी जवळजवळ नाहींशी झाली. तिच्याविरुद्ध ब्रिस्टल बंदरांत उपदेश करणाऱ्यांत तो इंग्लिश बिशप वुल्फस्टनच पुढें होता. परंतु त्याच काळांत कुळांच्या पायांतील बेडी अधिक घट्ट झाली. भव्य मंदिरें उभीं राहिलीं, हिशेबी राज्यकारभार आला. आणि यॉर्ककडील ज्या गांवांपुढें ‘ओसाड’ लिहिलें गेलें, तेथील माणसांस यांतलें कांहींच पाहावयास मिळालें नाहीं. पुढें भाषा समृद्ध झाली म्हणून त्यांचें मरण हलकें होत नाहीं. ऑर्डेरिकानें जी वाट दाखविली तीच इतिहास वाचणारानें धरावी; गुण सांगावे, पण संहारास संहारच म्हणावें.

आपणांपुरता मात्र यांतून एक विचार निघतो. जमीन, गढी, पीठ व न्यायसभा हीं सर्व नॉर्मन लोकांनीं बळानें घेतलीं, आणि त्यांस इंग्लिश लोकांचा इलाज नव्हता. घरांतील भाषा तेवढी बळानें घेतां आली नाहीं. ती आयांनीं व दायांनीं सांभाळली आणि अखेर जेत्यांच्या नातवंडांस शिकविली. पण टॉस्टिगचें नांव व मावशीचा शब्द यांवर कोणी शस्त्र उगारलें नव्हतें. ते थट्टेच्या भयानें व प्रतिष्ठेच्या ओढीनें लोकांनीं आपण होऊन सोडले. आपल्या घरांतून आज काका, मामा, मावशी, आत्या हे शब्द मागें सरत आहेत, ते कोणत्या सैन्याच्या धाकानें, याचा सुज्ञ गृहस्थांनीं व गृहिणींनीं सायंकाळीं मुलें जवळ असतां क्षणभर विचार करावा. नवे शब्द येतात, येवोत. भाषा त्यांनीं वाढते. चार नात्यांना चार नांवें असतां दोनांवर कां भागवावें, एवढाच प्रश्न आहे. असो.